वगळलेलं नववं प्रकरण

मला घरांबद्दल फार माहिती आहे म्हणून माझा परवाना गेला. हे वाक्य मी गेली दोन वर्षं भेटेल त्याला ऐकवते आणि भेटेल तो हसतो. हसणाऱ्यांचं काय जातं! मी रत्नप्रभा आवटी. सांगलीत तीस वर्षं घरं दाखवली, विकली, भाड्यानं लावून दिली. लोक मला रत्नाक्का म्हणतात. गिऱ्हाईक घेऊन जाण्याआधी मी एकदा एकटी त्या घरी जाऊन यायची. भिंतीला गुडघ्याशी, कमरेशी, खांद्याशी पालथा हात लावून ओल बघायची, फरशीवर नाणं आपटून पोकळ आवाज येतो का ऐकायची, आणि मग शेजारच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे चहा प्यायची. त्या चहात जे कळतं ते कुठल्या फाइलीत नसतं.

आणि खरा संताप याचा येतो की ज्या कायद्यानं मला घरी बसवलं, तो ज्या समितीनं लिहिला त्या समितीत मी स्वतः होते.

तेव्हाची अवस्था आठवते ना? ज्याच्याकडे मोटारसायकल आणि मोबाइल, तो एजंट. चार दिवसांचा वर्ग, बरोबर उत्तरावर खूण करायची परीक्षा, की परवाना हातात. ओढा बुजवून उभ्या केलेल्या इमारतीत लोकांना नेऊन सोडणारी माणसं उजळ माथ्यानं फिरत होती. समितीच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, न्हाव्याला वस्तरा धरायला वर्षभर शिकावं लागतं, आणि माणसाचं जन्माचं घर विकणाऱ्याला चार दिवस? माझं ऐकलं गेलं. दोन वर्षांचा अभ्यासक्रम ठरला, सोळा प्रकरणांचा. दस्त, मोजणी, माती, बांधकाम, सगळं होतं त्यात. नववं प्रकरण 'पाणी', ते मी लिहिलं. जुनी पूरखूण कशी शोधायची, आणि गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं ती शेजारच्या भिंतीवरून नव्या भिंतीवर कशी न्यायची, हे त्यात आकृत्यांसकट होतं.

शिवाय परवान्यासाठी आली कपाळपट्टी. तिचं सरकारी नाव प्रकटन-मापक, पण ते कुणी वापरत नाही.

पट्टीचं शास्त्र खरं आहे. माझं भांडण शास्त्राशी नाही. खोटं पकडायची जुनी यंत्रं घाम आणि नाडी मोजायची, म्हणजे भीती मोजायची. त्यामुळे निर्ढावलेला माणूस सुटायचा आणि साधा माणूस उगाच अडकायचा. ही पट्टी कपाळाला बांधतात. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश हाडातून दोन-अडीच सेंटिमीटर आत जातो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग राबतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि रक्त हा प्रकाश शोषून घेतं. ठाऊक असलेली गोष्ट ओठांवर येऊ द्यायची नसेल तर कपाळामागच्या एका भागाला सारखं राबावं लागतं. ते राबणं पट्टीला दिसतं. आत काही दाबून ठेवलेलं नसेल तर हिरवा दिवा, असेल तर लाल. प्रत्येक व्यवहारात एजंटानं पट्टी बांधून घराची माहिती सांगायची, ते चित्रण दस्ताला जोडायचं. हिरव्या दिव्याशिवाय नोंदणी नाही.

सगळं ठरल्यावर मीच एक वाक्य घालायला लावलं. 'एजंटाला जे माहीत नाही, ते त्याने लपवले असे मानू नये.' लहान गावातले गरीब, प्रामाणिक एजंट उगाच भरडले जाऊ नयेत म्हणून. माझ्या तीस वर्षांच्या शहाणपणाचं ते फळ. बिल्डरांच्या वकिलांनी ते वाक्य एकदाच वाचलं असेल.

वर्षभरात अकादम्या निघाल्या. आमच्याकडे निघाली तिचं नाव निर्मळ अकादमी. निर्मळ कशापासून, तर माहितीपासून! सोळातली नऊ प्रकरणं ऐच्छिक झाली, म्हणजे कुणी शिकवेनासं झालं. सगळ्यात आधी गेलं नववं. लातूरच्या पोरांना सांगलीत नेमायचं, सांगलीच्या पोरांना लातुरात, आणि गाव कळायला लागलं की सहा महिन्यांत उचलायचं. बिल्डर देईल ती फाइल वाचायची, तेवढंच खरं मानायचं. कुणी घराबद्दल काही सांगायला लागलं तर खोलीबाहेर निघून जायचं. हे शिकवतात! 'बाहेर पडणे' असा तास असतो. मग असं पोरगं पट्टी बांधून छातीठोक सांगतं की इमारत उत्तम आहे, आणि त्याच्या कपाळामागं खरोखरच काही नसतं. दिवा हिरवागार.

माझ्या नूतनीकरणाच्या परीक्षेत एका घराचा फोटो दाखवून परीक्षक म्हणाला, "या वास्तूची माहिती द्या. वेळ दहा मिनिटं." घर ओळखीचं निघालं. मी सुरू केलं. दक्षिणेची भिंत नंतर बांधलेली, स्लॅबला सळई कमी, मागच्या बोअरचं पाणी मचूळ, मधल्या भावाची सही राहिलेली, सात वर्षांपूर्वीच्या पुरात पाणी कुठवर आलं. दहा मिनिटं संपली. माझं निम्मंही झालं नव्हतं. उरलेलं मी गिळलं आणि दिवा लाल झाला.

"मॅडम, तुम्ही काहीतरी दाबताय," परीक्षक म्हणाला.

"दाबत न्हाई ओ, वेळ संपला तुमचा!"

त्यानं 'अपात्र' लिहिलं. त्या दिवसापासून गावात रत्नाक्का लाल.

हे मी एक वेळ पचवलं असतं. पण माझी मुलगी प्रज्वला याच धंद्यात यायला निघाली होती. पहिल्या दोन्ही परीक्षांत तिला लाल आला. कारण उघड होतं. लहानपणापासून आमच्या घरी जेवताना इमारतींवरच बोलणं व्हायचं. कुठल्या अपार्टमेंटचा पाया कच्चा हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तिसरी परीक्षा शेवटची, आणि त्यानंतर काम करताना एकदा जरी लालाची नोंद झाली तरी परवाना जन्मभरासाठी रद्द.

दुसरा निकाल लागला त्या दुपारी ती ताटावरून उठली.

"आई, आजपास्नं घरात एका बी बिल्डिंगचं नाव काढायचं न्हाई."

"अगं, मी शिकवालोय तुला."

"तू शिकवतीयस म्हणून मी नापास व्हालोय! कळतंय का तुला? तुझ्या डोक्यातला कचरा माझ्या डोक्यात नको."

कचरा. तीस वर्षं उन्हातान्हात हिंडून जमवलेलं सगळं माझ्या पोटच्या पोरीनं एका शब्दात उकिरड्यावर टाकलं. त्याच आठवड्यात ती निर्मळ अकादमीच्या वसतिगृहात राहायला गेली. मी फोन केला की आधी विचारायची, "धंद्याचं काही न्हाई ना?" मी नाही म्हणायची, मग आम्ही भाजी काय केली यावर बोलायचो. तिसऱ्या परीक्षेत तिला माहीत नसलेल्या नव्या इमारतीचा फोटो आला आणि ती पास झाली. परगावी धाडायच्या ऐवजी अकादमीनं तिला इथल्याच नव्या वसाहतींचं काम दिलं. सात वर्षांपूर्वी पूर आला तेव्हा ती पुण्यात कॉलेजला होती, म्हणून तेवढ्यापुरती ती निर्मळच होती. पेढे घेऊन आली. मी पेढा खाल्ला, कडू लागला, आणि छान आहे म्हणाले. पट्टी असती तर घर लाल झालं असतं.

मागच्या मंगळवारी मी साखर तपासायला मिरजेला गेले होते. रक्त घेणारा इरफान मुजावर माझ्या ओळखीचा, दर तीन महिन्यांनी तोच सुई टोचतो. त्या दिवशी खुशीत होता.

"अक्का, घर घेतलं बगा. तळमजला. अम्मीला जिना चढाय येत न्हाई, खुर्चीवरच असती, तवा तळमजलाच पायजे हुता. उद्या अकराला साइटवर शेवटचं बोलणं, मग दस्त."

"कुठं घेतलंस?"

त्यानं मोबाइल दाखवला. तीरछाया अपार्टमेंट, तळमजला, फ्लॅट तीन. खाली एजंटाचं नाव, प्रज्वला आवटी.

माझ्या हातावरचा कापूस खाली पडला. तीरछाया जिथं उभी आहे ती नदीकाठची मळी, पुराच्या गाळाची जमीन. सात वर्षांपूर्वी तिथं नावा चालल्या होत्या. नंतर कुणीतरी कमरेएवढा भराव टाकला, त्या भरावाच्या जोरावर नकाशावरची पूररेषा मागं सरकली आणि इमारत उभी राहिली. भराव पुरेसा आहे का, हे पाण्याला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

"इरफान, ते घर घेऊ नको. तिथं पाणी येतंय."

तो कानकोंडा झाला. सुईचं झाकण लावत खालच्या मानेनं म्हणाला, "अक्का, रागावू नका. पण मॅडमना हिरवा लागलाय. आन तुमाला... लाल आलावता म्हणं."

यंत्रानं मला लबाड ठरवलं होतं आणि माझ्या अडाणी केलेल्या मुलीला प्रामाणिक.

बसमध्ये मी एकच हिशेब मांडत होते. गप्प बसले तर ती खुर्चीवरची बाई त्या घरात राहायला जाणार, आणि एखाद्या श्रावणात नदी तिला भेटायला येणार. बोलायचं तर उद्या साइटवर, प्रज्वलासमोरच बोलावं लागणार. तिला कळलं की तिच्या डोक्यात ते जाणार, ती ते दाबणार, दिवा लाल होणार, आणि पोरीचा परवाना जन्मभरासाठी संपणार. तिनं मला आई म्हणायचंही सोडलं असतं. घरी आल्यावर माळ्यावरून पाण्याची नळी काढली. तीस मीटरची, पारदर्शक. धुतली, पाणी भरलं, नखानं टिचक्या मारून सगळे बुडबुडे काढले. नळीच्या दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीला थांबतं, पण मधे बुडबुडा राहिला तर ती चुकीची पातळी दाखवते.

सकाळी साडेदहाला मी तीरछायाच्या शेजारी गौराबाई कोळ्यांच्या घरी होते. नावाड्याची बायको, आता एकटीच राहते. घर जुनं, खालच्या अंगाला. तिच्या घराला बाहेरून गच्चीवर जायचा जिना आहे, आणि जिन्याच्या नवव्या पायरीजवळ भिंतीवर तेलरंगाची लाल रेघ आहे. पूर ओसरल्यावर आमच्याकडे अशी रेघ ओढून वर्ष लिहायची रीत आहे. ही रेघ तिच्या नवऱ्यानं ओढली, आणि त्याच वर्षी तो गेला.

"ये बाई, च्या घे आदी," गौराबाई म्हणाली.

"च्या मागनं. आदी हे टोक धर. त्या रेघंवर पाणी आलं पायजे. खालीवर करायचं, पण रेघ सोडायची न्हाई."

ती पायरीवर बसली, चष्मा लावला आणि नळीचं टोक रेघेला टेकवलं. दुसरं टोक मी कुंपणाच्या जाळीतून, फ्लॅट तीनच्या उघड्या खिडकीतून आत दिलं आणि दारानं आत गेले.

बैठकीच्या खोलीत इरफान होता. खिडकीजवळच्या भिंतीला लागून त्याची अम्मी चाकाच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. बिल्डरचा माणूस डांगे लॅपटॉप उघडून बसला होता. आणि मधोमध प्रज्वला, कपाळावर पट्टी, हातात फाइल.

"...सदर जागा भराव टाकून पूररेषेच्या वर आणलेली असून..." ती म्हणत होती. दिवा हिरवा होता. मला बघून ती थांबली.

"तू इथं काय करालीस?"

मी तोंडातून अक्षर काढलं नाही. ते रात्रीच ठरवलं होतं. माझ्या शब्दाला किंमत नव्हती, तर शब्द कशाला खर्च करू? मी खिडकीतून नळी ओढली आणि टोक भिंतीला लावलं.

डांगे कसलेला माणूस. त्याला क्षणात कळलं. "मॅडम, तिकडं बघू नका. बाहेर पडा. शिकवलंय ना? चला, बाहेर!"

आणि माझी मुलगी खरोखर वळली. शिकवल्याप्रमाणे तिनं नजर जमिनीला लावली, फाइल छातीशी धरली आणि दाराकडे चालू लागली. तेव्हा मला तिचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण हातात नळी होती.

नळीतलं पाणी वरखाली हललं, थरथरलं आणि थांबलं. अम्मीच्या डोक्यावरच्या पदराच्या वर चार बोटं.

अम्मीनं खिडकीबाहेरच्या लाल रेघेकडे, मग मान वर करून पाण्याकडे बघितलं. मग इरफानकडे. "ये पानी इत्ता आया था?" तिनं विचारलं. मग तिनं दाराकडे तोंड केलं आणि मराठीत म्हणाली, "मॅडम, मी तर बसूनच असते की ओ. मग मी काय करायचं?"

प्रज्वला उंबऱ्यात थांबली. तिनं मागं वळून बघितलं. पाणी, पदर, आणि त्यामधली चार बोटं. झालं. आता तिला माहीत झालं होतं. पट्टीवरचा दिवा लाल झाला.

"तीस सेकंद!" डांगे ओरडला. "मॅडम, तीस सेकंद लाल राहिला तर नोंद होती. बाहेर व्हा, दुसरं कायतरी मनात आणा, पाढे म्हणा!"

मी डोळे मिटून घेतले. पोरीचं वाटोळं मी माझ्या हातानं केलं होतं.

"पाणी इथवर आलंवतं," प्रज्वलाचा आवाज आला. मी डोळे उघडले. ती रागानं भिंतीजवळ आली होती, पण शब्द स्पष्ट होते. "सात वर्षांमागं. आता बघितलं मी. फाइलीत लिवलंय की जागा पूररेषेच्या वर हाय. मी ते वाचलं. मोजलं न्हाई. मोजायला मला कुणी शिकवलं न्हाई. जी शिकवालती तिचं तोंड मीच बंद केलं. तुमी हे घर घेऊ नका. ह्या बिल्डिंगचा तळमजला कुणीच घेऊ नये."

दिवा हिरवा झाला होता.

मी वेड्यासारखी त्या दिव्याकडे बघत राहिले. हिरव्याला दोन वाटा आहेत. एक काहीच माहीत नसण्याची, दुसरी सगळं सांगून टाकण्याची. पट्टी आणली ती याच दुसऱ्या वाटेसाठी, आणि इतक्या वर्षांत सगळ्या राज्यात तिच्यावर पाऊल टाकायला कुणी राहिलं नव्हतं. मला परीक्षेत दहा मिनिटं पुरली नव्हती. तिला अर्धंही मिनिट लागलं नाही.

डांगेनं लॅपटॉप मिटला. "परवाना राहिला तुमचा मॅडम, अभिनंदन," तो म्हणाला. "उद्यापास्नं कामावर येऊ नका. आन कुठल्या बिल्डरकडं बी जाऊ नका, मी फोन करतोय सगळ्यांना." तो गेला. इरफान अम्मीची खुर्ची ढकलत निघाला. अम्मीनं जाता जाता माझं मनगट दाबलं.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. मला वाटलं आता पोरगी गळ्यात पडेल. कसली पडते!

"झालं समाधान?" ती म्हणाली. "काल फोन करून सांगता येत नव्हतं?"

"धंद्याचं बोलायचं न्हाई म्हणालीवतीस."

तिचं तोंड एकदम लहान झालं. मग अगदी हळू म्हणाली, "आई, एक आणि दोन नंबर मीच विकलेत. गेल्या महिन्यात. दोन्हीकडं हिरवा लागलावता."

मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या हातातलं टोक घेतलं, अंगठ्यानं तोंड बंद केलं आणि नळी ओढत बाहेर गेली. पट्टी कपाळावर तशीच. दोन नंबरच्या दाराला अजून वास्तुशांतीचं तोरण होतं. तिनं बेल दाबली.

दार उघडणाऱ्या बाईचा चेहरा फुलला. "अगंबाई, मॅडम! या की आत. जेवायला आला न्हाईसा त्या दिवशी. बसा, च्या टाकते."

"च्या नको," प्रज्वला म्हणाली. "जरा भिंत बघायचीय तुमची."

"का ओ? काय झालं? आमच्याला तर हिरवा लागलावता न्हवं?"

"लागलावता."

ती चप्पल काढून आत गेली. मी खिडकीशी आले आणि कुंपणापलीकडे जिन्यावर बसलेल्या म्हातारीला ओरडून सांगितलं, "गौराबाई, रेघ सोडू नको. अजून दोन घरं हायत."